वीतभर जागा

नवे साचे आले आणि सुनेच्या डोक्याला नवा ताप झाला. आधीचे ताप काय कमी होते? कंबर होती, पाच वर्षांची पोर होती, मातीत निघणारे खडे होते, आणि पावसाळ्याआधी भट्टी पेटायलाच हवी म्हणून मुकादम सकाळपासून उरावर बसलेला असे. त्यात हे साचे. जुन्या साच्याच्या तळाला नुसती एक चांदणी होती. वीट पाडली की तिच्या पोटातल्या खाचेत चांदणी उमटायची आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. नव्या साच्याच्या तळाला देवाचं नाव होतं. तीन अक्षरं. साच्यात उलटी कोरलेली, म्हणजे विटेत सुलटी उमटावीत.

मालक स्वतः साचे घेऊन आला होता. गाडीतून उतरला, देवाचं नाव घेतलं, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "गेल्या हंगामात तीन गाड्या विटा परत आल्या. ही फुटकी, ती वाकडी. आता बघू कोण परत आणतो! हे नाव असलेली वीट माणूस उकिरड्यावर टाकत नाही, आणि शिवी तर मुळीच देत नाही."

सगळे हसले. मालक बोलला की हसायचं असतं. सुनेच्या शेजारच्या जमिनीच्या पट्टीवर विटा पाडणारी लांबडी तेवढी तोंडाला पदर लावून पुटपुटली, "नाव मोठं, लक्षण खोटं."

सुनेच्या सासऱ्याने साचा हातात घेतला, उलटा केला, त्या तीन अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि साचा कपाळाला लावला. मग म्हणाला, "मालक, हे विटेवर कशाला? विटेवर पाय पडतो."

"अहो बाबा, भिंतीत गेल्यावर कुणाचा पाय पडणार?"

"भिंतीत जायच्या आधी?"

मालकाला एवढा वेळ नव्हता. तो गाडीकडे वळला, आणि वळसा नको म्हणून वाळत घातलेल्या विटांवरूनच बूट टाकत सरळ गेला. त्या चांदणीच्या विटा होत्या. उद्यापासून तिथे नाव असणार होतं.

म्हातारा त्या बुटांकडे बघत राहिला. सुनेने ते पाहिलं आणि तिथेच ओळखलं, आता आपली काही खैर नाही.

म्हाताऱ्याला भट्टीवर तोंडावर बाबा म्हणत आणि पाठीमागे पुटपुट्या. त्याचे ओठ सतत हलत. वीट उचलताना नाव, ठेवताना नाव, चूळ भरताना मधेच नाव. लहानपणी आईने त्याला सांगितलं होतं म्हणे, नाव कुठे जमिनीवर पडलेलं दिसलं तर उचलायचं, कपाळाला लावायचं आणि उंचावर ठेवायचं. तेवढं केलंस तरी पुष्कळ झालं. आई गेली, बायको गेली, दोन लेकरं गेली, एक राहिला. म्हातारा आपला उचलतोच आहे. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत छताच्या आडव्या बांबूला एक पिशवी टांगलेली होती. तिच्यात पुड्यांचे कागद, फाटकी कॅलेंडरं, काडेपेटीची चित्रं, जिथे जिथे म्हणून नाव सापडलं ते सगळं. झोपेत कूस बदलली की ती पिशवी सुनेला दिसायची, आणि तिच्या मनात यायचं, ह्या घरात उंचावर फक्त कागद आहेत, आम्ही सगळे खाली.

तशी ती सासऱ्याचा दुस्वास करणारी नव्हती हं. म्हातारा गुणी होता. खायला काय घातलं ते विचारत नसे, नातीला अंगाखांद्यावर खेळवायचा, आणि सुनेने तोंड सोडलं तरी उलटून बोलायचा नाही. त्याचाच तिला जास्त राग यायचा. भांडायला समोर माणूस तरी हवा!

काम असं होतं. नवरा खड्ड्यात उतरून माती तुडवायचा, राख मिसळायचा आणि एकचाकी गाडीतून चिखल आणून सुनेपाशी ओतायचा. सून उकिडवी बसून विटा पाडायची. चिखलाचा गोळा वाळूत घोळवायचा, साच्यात आपटायचा, वरचा जास्तीचा हाताने कापायचा, साचा पालथा घालायचा, अलगद उचलायचा. की एक वीट. मग उकिडव्यानेच पाऊलभर पुढे सरकायचं. दिवसाला हजार. ओळीला ओळ चिकटवून, मधे जेमतेम चार बोटं सोडून, कारण जागा थोडी आणि कंबर एकच. दुसऱ्या दिवशी विटा जरा आवळल्या की म्हातारा त्या एका अंगावर उभ्या करायचा, म्हणजे दुसऱ्या बाजूने वाळतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुंपणापाशी नेऊन त्यांच्या थप्प्या लावायचा.

आता उभ्या करायच्या म्हणजे ओळींमधे शिरायला हवं. चार बोटांत पाय कुठून मावणार? सगळे सरळ विटांवरून चालतात. दुसऱ्या दिवशीची वीट हलका पाय सोसते, नुसती टाच दाबायची नाही. वाकायचं, दोन्ही हातांनी दोन विटा उठवायच्या आणि पुढे पाय टाकायचा. चांदणीच्या विटांवरून म्हातारा असाच चालायचा, आणि तरण्यांना मागे टाकायचा.

नाव आल्यावर त्याने पाय आवरला.

कडेला बसून हात पोचेल तेवढ्या उभ्या करायच्या. मग त्या उचलून मागे न्यायच्या. मोकळ्या झालेल्या जागेत बसायचं, पुन्हा पुढच्या. जे काम दहा वाजता संपायचं ते दुपार कलली तरी निम्मं. तोवर मधल्या विटा उन्हाने वाकड्या व्हायच्या, त्यांना भेगा जायच्या. आणि भेगाळलेली वीट पुन्हा खड्ड्यात टाकायची म्हटलं की आणखी एक सोहळा. खड्ड्यात नवरा पायांनी तुडवणार. तेव्हा टाकण्याआधी म्हातारा बोट ओलं करून प्रत्येक विटेवरचं नाव पुसायचा. घाईघाईने नाही हो, हळूहळू, ओठ हलवत. नवरा कमरेइतक्या चिखलात उभा राहून वाट बघायचा.

"बाबा, टाका ना लवकर!"

"टाकतो रे. झालंच."

थप्पीतून पडून फुटलेल्या विटांचे तुकडे गाड्यांच्या वाटेवर पसरलेले असत, चाकं रुतू नयेत म्हणून. त्यांतला नाव वर आलेला तुकडा दिसला की म्हातारा भर रस्त्यात वाकायचा आणि तो उचलून खोलीमागे नेऊन ठेवायचा. आठवड्याभरात तिथे गुडघाभर ढीग झाला. गाडीवाले भोंगे वाजवायचे. कुणीतरी मुद्दाम हाक मारायचं, "बाबा, इकडे एक राहिला!" म्हातारा खरंच जायचा. लोक पोट धरून हसायचे आणि सून मान खाली घालून गोळा वाळूत घोळवायची.

एके दिवशी सकाळी तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला. पायात पाय घोटाळल्यासारखा. "सूनबाई."

"काय?"

"दोन ओळींत वीतभर जागा सोडशील का? वीतभर. पाऊल मावेल एवढी."

तिचा हात साच्यात होता. तिने मान वर केली नाही. "मामंजी, वीतभर म्हणता, पण दर दोन ओळींना वीत सोडली तर पट्टी किती लांब जाईल माहीत आहे? तेवढं मला उकिडव्याने सरकावं लागतं. आत्ताच रात्री ह्या कुशीवरून त्या कुशीवर होताना आई आठवते. तुमच्या देवाला वीतभर जागा द्यायला माझ्या कंबरेचे तुकडे करू का?"

म्हातारा म्हणाला, "नको. राहू दे. तुझंही खरं आहे."

बस, एवढंच. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

शेवटी जे व्हायचं तेच झालं. मुकादम आला. मुकादमाच्या गळ्यात शिट्टी असायची आणि बोलण्याआधी ती वाजवायची त्याला खोड होती. त्याने शिट्टी वाजवली, थप्प्या पाहिल्या, वाळवणाची पट्टी पाहिली. निम्म्या विटा अजून आडव्या होत्या आणि म्हातारा कडेला बसून एक एक उठवत होता.

"हे काय चाललंय? विटा उभ्या करतोय का अंडी उचलतोय?"

नवरा चिखलाचे हात तसेच घेऊन धावत आला. "करतो साहेब. दुपारपर्यंत करतो."

"तू कशाला करतोस? तुझं काम खड्ड्यात. तीन माणसांची पट्टी दिलीय, काम होतंय दोघांचं." मुकादम म्हाताऱ्याकडे वळला. "बाबा, ऐका. आख्खी भट्टी विटांवरून चालते. त्यांना काय देव नाही? तुम्हीच काय एकटे मोठे भक्त लागून गेलात?"

म्हातारा म्हणाला, "त्यांचं मला काय माहीत? मला आपलं जमत नाही."

"नाही जमत तर राहू द्या. शनिवारी भट्टी रचून होते. तोवर तुमच्या पट्टीच्या थप्प्या पुऱ्या भरल्या तर ठीक. नाही भरल्या तर रविवारी सामान बांधा. खोली रिकामी करा. ह्या पट्टीवर बसायला माझ्याकडे चार घरं रांगेत उभी आहेत."

हे काही तो उगाच बोलत नव्हता. त्या वर्षी पाणीच नव्हतं. माती भिजवायला पाणी नाही म्हणून आजूबाजूच्या भट्ट्या उघडल्याच नव्हत्या. चालू होती ती ही एक. इथून उठायचं म्हणजे कुठे जायचं, हे नवऱ्याला माहीत नव्हतं, सुनेला नव्हतं, आणि म्हाताऱ्यालाही नव्हतं.

मुकादम गेल्यावर नवरा बापासमोर उकिडवा बसला. मोठ्याने बोलला नाही. तोंडातून शब्द काढायलाही त्याच्यात त्राण उरलं नव्हतं. "बाबा, मी तुम्हाला कधी काही मागितलं नाही."

"नाही रे."

"मग बघा काय ते."

म्हाताऱ्याने मान हलवली. त्या दिवसापासून तो अंधार असतानाच उठायला लागला, आणि विटा दिसायला लागल्या की कडेने बसून पोचेल तेवढं करायला लागला. जेवायला उठेना. गुडघे सुजले. नात त्याच्या मागे मागे फिरून त्याने उठवलेल्या विटा मोजायची, आणि वीस झाल्या की पुन्हा एकापासून. सून पाहत होती. तिला कीव यायची, आणि कीव आली की चीड यायची, की बाबा रे, एक पाय ठेव ना! एक पाय! तुझा देव काय एवढा हलका आहे, की तुझ्या वाळक्या पायाने चेंगरेल? पण काहीही म्हणा, शुक्रवारी दुपारपर्यंत म्हाताऱ्याने कुंपणापाशी थप्प्या जवळजवळ पुऱ्या भरत आणल्या. आठवड्याचं काम तिथे छातीइतकं उंच उभं होतं. आणखी एक दिवस हाताशी होता.

त्या दुपारी शिट्टी झाली. भट्टी रचायला माणसं कमी पडत होती, म्हणून प्रत्येक पट्टीवरून दोघांनी वर यावं. नवरा-बायको गेले. म्हातारा आणि पोर पट्टीवर राहिले. सून भट्टीच्या माथ्यावर, दोन पुरुष उंचीवर उभी राहून खालून आलेल्या विटा झेलून पुढे देत होती. तिथून सगळं दिसत होतं: खड्डा, खोल्यांची रांग, त्यांच्यापुढे वाळवणाची पट्टी, पट्टीच्या पलीकडे कुंपण आणि कुंपणाला लागून त्यांच्या थप्प्या.

वारा आधी आला. धूळ उठली, पत्रे वाजायला लागले. लांबडी म्हणाली, "अगं बाई, हे काय आता मधेच?" सुनेने वर पाहिलं. पश्चिमेकडून ढग असा चढून आला होता की डोक्यावर येऊन ठेपायला काही वेळच नव्हता. वर्षभर ज्याची वाट बघावी तो आता येत होता, कच्च्या विटांवर.

"मामंजी!" ती ओरडली. "ताडपत्री! थप्प्यांवर ताडपत्री टाका!"

त्याला तिच्या आधीच कळलं होतं. तो खोलीतून ताडपत्री ओढून बाहेर आणत होता. पोर दुसरं टोक धरून धावत होती. त्याने घडी डोक्यावर घेतली, पट्टीच्या कडेपर्यंत आला आणि थांबला.

समोर हजार विटा. कालच्या, अजून आडव्याच. दाट ओळी, मधे चार बोटं. पलीकडे थप्प्या. वळसा घालायचा तर खड्ड्यामागून, लांबडीच्या पट्टीला फेरा मारून, गाडीरस्त्याने. त्या सुजलेल्या गुडघ्यांनी तो वळसा घालेपर्यंत काही उरलं नसतं.

वरून सुनेला दिसलं, म्हाताऱ्याने पाय उचलला. विटांवर धरला. आणि पुन्हा मागे घेतला.

पहिले थेंब पडले. मोठाले, आवाज करणारे.

"बाबा!" नवरा खालून, भट्टीच्या पायथ्याकडून ओरडला आणि धावत सुटला. पण तो लांब होता. मुकादम शिट्टीवर शिट्टी वाजवत होता. आणि सून, तिला नंतर आठवायचं ते हेच, सून दोन्ही हात तोंडाशी धरून जीव खाऊन किंचाळली, "मामंजी, तुडवा! तुडवा त्या विटा! माझ्या पोरीकडे बघून तुडवा!"

म्हाताऱ्याने मान वर केली. भट्टीच्या माथ्याकडे, तिच्याकडेच पाहिलं. मग त्याने पाय टाकला.

तो धावला नाही. डोक्यावर ओझं घेऊन, एका पावलापुढे दुसरं पाऊल, सरळ रेघेत, पट्टीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. पाऊस त्याच्यावर पडत होता. वरून त्याचे ओठ काही दिसत नव्हते.

"वा रे पठ्ठ्या!" मुकादम खालून ओरडला. "आला की नाही सुतासारखा सरळ!"

थप्प्या वाचल्या. नवरा पोचेपर्यंत म्हाताऱ्याने एकट्याने ताडपत्री पसरली होती आणि तिच्या कडांवर तो स्वतःच आडवा पडला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून. पाऊस अर्धा तासच पडला आणि गेला. पण त्या अर्ध्या तासात उतारावरच्या लांबडीच्या थप्प्यांत पाण्याचा लोट शिरला आणि त्यांचा पार लगदा झाला. ती खड्ड्याच्या काठावर बसून मोठमोठ्याने रडली, आणि तिच्याबरोबर रडावं की आपल्या थप्प्या वाचल्या म्हणून देवाचे आभार मानावेत, सुनेला कळेना. देवाचं नाव तोंडात आलं आणि ती अडखळली.

म्हातारा खोलीच्या दाराशी बसला होता. त्याने पाय धुतले नव्हते. दोन्ही पाय गोणपाटात गुंडाळून घेतले होते. समोर ताट ठेवलं, त्याने ते हाताने बाजूला सारलं. मुकादम येऊन पाठीवर थाप मारून गेला. "बाबा, आता कसं शहाण्यासारखं वागलात! असंच चालायचं सोमवारपासून. कुठे काय बिघडलं? आकाश कोसळलं का?"

"नाही कोसळलं," म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कामाला आला. सगळ्यांसारखा आला, आणि पट्टीवरच्या विटांवरून चालायला लागला. दोन्ही हातांनी दोन विटा, पुढे पाय. दहा वाजता काम संपलं. नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

सुनेला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. गोळा घोळवला, आपटला, कापला, पालथा घातला. काय राहिलंय? पाणी झाकलंय, पोर समोर आहे. मग तिच्या लक्षात आलं. आवाज नव्हता. म्हातारा पुटपुटत नव्हता. लग्न होऊन आल्यापासून तो आवाज तिच्या कानात होता, माशीच्या घोंघावण्यासारखा, आणि तिने लाख वेळा मनात म्हटलं होतं, एकदाचं थांबू दे हे. आता थांबलं होतं.

पावसाने खड्डे पडलेल्या विटा वेगळ्या काढून पुन्हा खड्ड्यात टाकायच्या होत्या. म्हाताऱ्याने त्या आणून काठावर रचल्या आणि बाजूला झाला.

"पुसायच्या नाहीत का?" नवऱ्याने खड्ड्यातून विचारलं.

"ज्याने पायाने तुडवलं त्याने बोट लावून काय करायचं?" म्हातारा म्हणाला आणि तिथून निघून गेला. नवरा सुनेकडे बघायला लागला. सून चिखलाचे हात झटकत उठली.

तिने पहिली वीट मांडीवर घेतली. तिच्यावर पाऊल उमटलं होतं. एका टोकाला टाच, दुसऱ्या टोकाला बोटं. मधे खाच. आणि खाचेत ती तीन अक्षरं, पावसाने जरा झिजलेली, पण होती. पाय खाचेपर्यंत पोचलाच नव्हता. तिने दुसरी पाहिली. तिच्यात नाव चेपलं होतं. तिसरीत पुन्हा शाबूत. ती शाबूत वीट तशीच दोन्ही हातांत धरून ती खोलीकडे गेली. इतकी वर्षं ती विटा पाडत होती, पण वीट अशी धरून ती कधी चालली नव्हती.

"मामंजी, हे बघा. तुमचा पाय लागलाच नाही. नाव खाली राहिलं, पाय वर."

म्हाताऱ्याने वीट पाहिली.

"दिसतंय," तो म्हणाला. "पण पोरी, पाय ठेवताना मला हे माहीत नव्हतं ना."

ती तिथेच, त्याच्यापुढे खाली बसली. "ओरडले मी," ती म्हणाली. "पाप असेल तर माझं आहे. तुम्ही घाबरलात म्हणून नाही, मी ओरडले म्हणून तुम्ही पाय टाकलात."

"तू पोरीसाठी ओरडलीस. पाय माझेच होते."

"मग मला शिव्या तरी द्या!"

म्हातारा हसला, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "कशाला? दमलीस. जा, माती सुकेल."

ती उठली. खड्ड्याच्या काठावर बसून तिने बोट ओलं केलं आणि एक एक वीट पुसली, जशी त्याला पुसताना पाहिली होती तशी. नवरा कमरेइतक्या चिखलात उभा राहून वाट बघत होता. विटा पुष्कळ होत्या. शेवटी शेवटी तिच्या बोटाचं कातडं निघालं.

रविवारी कुणी सामान बांधलं नाही. सोमवारी पट्टी मोकळी झाली, आणि सून नव्याने विटा पाडायला बसली. पहिली ओळ पाडली. दुसरी तिला चिकटवून पाडली. मग ती थांबली, हाताची वीत पसरून जमिनीवर ठेवली आणि तेवढं अंतर सोडून तिसरी ओळ धरली. दोन ओळी, एक वीत. दोन ओळी, एक वीत. दुपारपर्यंत ती रोजच्यापेक्षा कितीतरी लांब सरकली होती. कंबरेत कळ उठायची तेव्हा ती दोन्ही हात जमिनीला टेकून डोळे मिटायची, आणि कळ ओसरली की पुन्हा गोळा घ्यायची.

मुकादमाने शिट्टी वाजवली. "ही पट्टी एवढी का पसरलीय? ह्या मधल्या वाटा कशाला?"

नवऱ्याचा चेहरा उतरला. सुनेने मात्र हातातली वीट पाडूनच मान वर केली. "पुन्हा पाऊस आला तर? ताडपत्री घेऊन पळायला वाट नको? त्या लांबडीचं काय झालं ते बघितलंत ना?"

मुकादमाने तोंड उघडलं, लांबडीच्या लगद्याकडे पाहिलं आणि मिटलं. "बरं. पण हजारात एक कमी पडता कामा नये."

"नाही पडणार."

तो गेला. नवरा गाडी घेऊन तिच्याशेजारी उभा राहिला. तिच्याकडे बघितलं, वाटांकडे बघितलं. "कंबर राहील का तुझी?" त्याने विचारलं.

"तुम्ही चिखल जरा जवळ ओतत जा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच म्हातारा विटा उभ्या करायला आला. पट्टीच्या कडेला उभा राहिला, आणि दोन-तीन दिवसांच्या सवयीने, खाली न बघताच, पाय उचलला. पाय हवेतच राहिला. त्याने खाली पाहिलं. ओळींच्या मधे वीतभर मोकळी जमीन, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो ते बघत किती वेळ एका पायावर उभा होता कोण जाणे. नात म्हणाली, "आजोबा, पडाल ना!"

त्याने पाय वाटेत ठेवला. मग दुसरा. डावीकडची एक वीट उठवली, उजवीकडची एक.

सून पाठमोरी बसून विटा पाडत होती. तिने वळून पाहिलं नाही. तिची कंबर इतकी आखडली होती की वळताही आलं नसतं. पहिली ओळ झाली तरी मागून काही ऐकू आलं नाही. दुसरी निम्मी झाली. तिने गोळा वाळूत घोळवला आणि साच्यात आपटण्याआधी हात तसाच धरून थांबली.

मग मागून हळू, घसा धरलेल्या माणसासारखा, तो आवाज सुरू झाला. एकदा. मधे बराच खंड. मग पुन्हा एकदा.

तिने गोळा साच्यात आपटला.